नाताळचा पतंग

खानापूरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत
काचेची एक पेटी आहे.
आत टाचणीला पिवळा पतंग,
शेपट्या एवढ्या लांब की वळवून बसवल्यात.
खाली शाईची चिठ्ठी, पुसट:
नाताळ. मग एक साल. मग, मारुला.

दोन वर्षं मी समजत होतो
कुणा पाद्र्याने हा नाताळच्या दिवशी धरला.
हुक्केरी सर हसले. म्हणाले, नाताळ हा मुलूख,
आफ्रिकेत, पार खाली, समुद्राला लागून.
मारुला म्हणजे झाड. याच्या अळ्या त्याचा पाला खातात.
कोष रेशमाचाच, पण धागा विणण्याजोगा नाही.

मी वडगावात तीस वर्षं माग चालवला.
लडी यायची शिडलघट्ट्याहून, उकळून, रंगून,
किडा कधी डोळ्यांना दिसला नाही.
माग फोडून जळणाला गेला,
मी इथे आलो, चाव्या आणि झाडू.
बोटांची खोड तेवढी राहिली:
कुठे सुटं टोक दिसलं की ओढून बघायचं.

इनास सिद्दी बागेला पाणी घालायचा.
गोलिहळ्ळीपलीकडच्या रानातला.
एकदा पेटीवर वाकला आणि म्हणाला,
हो आमचोच! मोईवर असतो की.

सर म्हणाले, तो वेगळा. तो फिका हिरवा.
चुलतभाऊ म्हण हवं तर.
मोई आणि मारुला, त्याही चुलत,
दोघी आंब्याच्या भावकीतल्या.
इनास गप्प.
काचेवर त्याच्या श्वासाचं धुकं धरलं होतं,
ते त्याने बाहीने पुसलं.

जुलैत त्याने कोष आणला, बुटाच्या खोक्यात.
रात्री मादी निघाली, पडद्याला लोंबकळली.
दुसऱ्या रात्री खिडकीच्या जाळीवर बाहेरून नर.
कुठून कळलं त्याला, देव जाणे.
मी जाळी उघडली.
सकाळी हजेरीपटावर अंडी,
नेमकी गैरहजरांच्या रकान्यात.

सर म्हणाले, हिला तोंड नाही.
आठ दिवस, की संपली.
खायचं ते सगळं अळी असताना खाऊन झालं.
इनास म्हणाला, बरं हाय,
हिला कोण विचारणार, कुठली भाषा बोलतीस?

अळ्या फुटल्या तेव्हा तो गावी अडकलेला,
मलप्रभेचं पाणी पुलावर.
आणि मला मोई ओळखता येईना.
सरांच्या पुस्तकात शब्द होता यजमान वनस्पती.
सरांच्या कन्नडात यजमान म्हणजे मालक.
आमची आई वडिलांना म्हणायची, यजमान जेवले का?
मी अळ्यांपुढे आवारातलं सगळं मांडलं:
अशोक, सुबाभूळ, बोगनवेल,
फाटकाबाहेरची निलगिरी, वनखात्याची,
तीही कुठल्या कुठून आणलेली.
तांबूस, गव्हाएवढ्या, त्या पानांवरून नुसत्या चालत राहिल्या.
निम्म्या तशाच वाळल्या.
मी झाडल्या नाहीत, चिमटीने उचलल्या.

तिसऱ्या दिवशी इनास आला,
सायकलला मोईची फांदी बांधून, चिखलाने माखलेला.
उरलेल्या सगळ्या फांदीवर गेल्या.
तिघी मात्र हलेनात.
निलगिरीच्या एका पानाची कड त्यांनी कुरतडली होती,
आता मोई नको म्हणत होत्या.
सर दोनदा चष्मा पुसून आले.

महिन्याने त्या हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या,
त्याच कडक, वासाच्या पानांत गुरफटल्या.
सरांनी तीन चिठ्ठ्या फाडल्या. ठिकाण: खानापूर.
झाडाच्या जागी पेन थांबलं.
ह्यांचं काय लिहू, त्यांनी इनासला विचारलं.
जेवली तिथंच लिहा, तो म्हणाला, आणि नळ उघडायला गेला.

तिसऱ्या कोषाला एक टोक सुटं होतं,
वाऱ्याने हलत.
मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.